तेच औषध, पण गुण का येत नाही?

नाशिककडील द्राक्षबागाईतदारांना ‘केवडा’ या रोगाची ओळख करून द्यावयास नको. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असते. अशा वेळी अवकाळी पावसाने पाने ओली राहिली, म्हणजे त्यांवर तेलकट पिवळे डाग पडतात व खालच्या अंगास पांढरी बुरशी धरते. ती घडांवर गेली की वर्षाची मेहनत वाया जाते. मग बागवान औषध फवारतो. पण पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या औषधाने रोग हटत नाही. औषध भेसळीचे असावे, असा संशय येतो. क्वचित तसे असेलही. परंतु पुष्कळदा औषध चोख असते, बुरशीच बदललेली असते.

हे घडते कसे? शेतातले मऊ गवत तेवढे खुरपून काढले व हरळी तशीच ठेवली, तर काही दिवसांनी शेत हरळीचेच होते. बुरशीचेही तसेच आहे. कोट्यवधी बीजाणूंत एखादा जन्मतःच निराळ्या घडणीचा असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचाच वंश वाढतो. औषध बुरशीला ही शक्ती देत नाही. ती असलेल्यांना फक्त निवडून काढते.

नवी औषधे बहुधा बुरशीच्या एकाच मर्मावर घाव घालतात. ते मर्म जरा बदलले की घाव फुकट जातो. मेटॅलॅक्झिल १९७७ साली निघाले; १९८० साली आयर्लंड व हॉलंडमध्ये बटाट्याचा करपा त्याला जुमानीनासा झाला. ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटाला दाद न देणारा केवडा महाराष्ट्रातील द्राक्षबागांत आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. याउलट, मिलार्डे यांनी १८८५ साली फ्रान्समध्ये पुढे आणलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, अनेक मर्मांवर एकदम आघात करते. म्हणून ते आजही उपयोगी पडते.

यावरून काय करावे? एकाच गटाचे औषध लागोपाठ फवारू नये. नुसते नाव बदलून भागत नाही. ॲझॉक्सिस्ट्रोबिन आणि क्रेसॉक्झिम-मिथाइल ही नावे दोन, पण गट एकच. म्हणून डब्यावरील घटक वाचावा. एकमर्मी औषध शिफारशीप्रमाणे बहुमर्मी औषधाच्या जोडीने, हंगामात मोजक्याच वेळा वापरावे. मात्रा सांगितलेलीच घ्यावी. गुण येत नाही म्हणून दुप्पट केल्याने खर्च व विषारी अंश मात्र वाढतो. रोग भरात येण्यापूर्वीच फवारावे, कारण बीजाणू जितके जास्त, तितका निराळा निपजण्याचा संभव अधिक. दाट फूट विरळ करून वारा खेळता ठेवावा, म्हणजे फवारण्याच कमी लागतात.

आपल्या माळव्यात बटाटा लावणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यांना बांध माहीत नसतो. एकाने बेफिकिरीने वापरलेले औषध शेजाऱ्याच्याही हातून जाते. म्हणून गावाने मिळून फवारणीचा क्रम ठरविणे, हेच सर्वांच्या हिताचे होय.