वाणाची मोजपट्टी झाली

मेलॉइडोगाइन एंटरोलोबी हा सूत्रकृमी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात 2013 मध्ये नोंदला गेला आणि तो प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणांनाही जुमानत नाही हे कळले, तेव्हा तेथील तंबाखूच्या अर्ध्या शतकाचा हिशेब पुन्हा मांडणे भाग पडले. सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म कृमी. या गटाची पिल्ले मुळाच्या टोकाजवळून आत शिरतात, तेथील पेशी फुगवून त्यांच्यावर पोसतात, आणि गाठाळलेल्या मुळाला पाणी नीट ओढता येत नसल्याने जमिनीत ओल असूनही रोप भर दुपारी मान टाकते.

वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कली यांनी 1855 मध्ये इंग्लंडात काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहिल्या. पुढचे जवळजवळ शतक नावांच्या घोळात गेले, तो 1949 मध्ये सूत्रकृमीतज्ज्ञ चिटवुड यांनी जाती वेगळ्या करून निस्तरला. अशा किडींना आळा घालायला तंबाखूच्या रोपवाटिकेची जमीन जुन्या काळी लाकूडफाटा जाळून भाजत, म्हणजे कोकणातला राबच तो. 1961 मध्ये ‘एनसी 95’ हा तंबाखूचा प्रतिकारक वाण आला आणि पिकांच्या फेरपालटीची निकड मागे पडली.

1975 नंतरच्या दहा वर्षांपाशी मात्र थांबावे लागते. त्या वर्षी सूत्रकृमीतज्ज्ञ सॅसर यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय मेलॉइडोगाइन प्रकल्प सुरू झाला आणि देशोदेशींचे सूत्रकृमी सहा ठरावीक पिकांवर वाढवून ओळखण्याची चाचणी रूढ झाली. त्या सहांत ‘एनसी 95’ होता: याच गटातल्या इन्कॉग्निटा या जातीचा जो वंश, म्हणजे जातीतला उपप्रकार, या वाणावर वाढेल तो दुसरा किंवा चौथा. ज्या वाणाने कीड थोपवायची, तोच आपल्या पराभवाची मोजपट्टी झाला. वाणातल्या प्रतिकाराच्या एका जनुकावर सगळी भिस्त ठेवण्यातला धोका याहून स्पष्ट दिसायला आणखी काय हवे होते? त्याच दशकात मातीत घालायच्या सूत्रकृमीनाशक औषधांचाही आधार गेला. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातील कारखान्यात त्यांपैकी डीबीसीपी हाताळणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळले, तर 1983 मध्ये भूजलात उतरणाऱ्या ईडीबी या दुसऱ्या औषधाचा मातीतील वापर थांबवला गेला.

तोडणी होताच धसकटे मुळांसकट उपटावीत, हा जुना, बिनखर्ची सल्ला तेव्हाही पुस्तिकांत होता. पण त्यात विकण्याजोगे काही नव्हते. आता फेरपालटही पूर्वीइतकी सोपी उरलेली नाही, कारण तंबाखूनंतर घ्यायच्या कापूस, सोयाबीन आणि रताळे या तिन्हींवर एंटरोलोबी हा नवा सूत्रकृमी वाढतो. भुईमुगावर तेवढा तो पोसत नाही.