भत्ता बेकारीचा, हिशेब हजेरीचा

खानापूर-बेळगावकडची मुलं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीत बंगळुरूला पोचतात. पीण्यातल्या एखाद्या कारखान्यात काम लागतं. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी सुपरवायझर सांगतो, "उद्यापासून येऊ नका." मग संध्याकाळी खोलीवर विषय निघतो, आपल्याकडे बेकारी भत्ता असतो का? तो तिकडे परदेशात, असं म्हणून बहुतेक जण विषय मिटवतात. इथेच चूक होते. भत्ता आपल्याकडेही आहे. फक्त तो मिळणार की नाही, हे नोकरी सुटल्यावर ठरत नाही, नोकरीत असतानाच ठरून गेलेलं असतं.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याला, जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. ही कपात दवाखान्यासाठीच, असं कामगार धरून चालतो. पण याच वर्गणीवर १ जुलै २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' उभी आहे. आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत. टाळेबंदीच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले. मिळतात ते जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. महिना १६,००० कमावणाऱ्याला तीन महिन्यांत साधारण २४,००० रुपये. बंगळुरूत एवढ्यात खोलीचं भाडं आणि मेस कशीबशी सुटते. घरी पाठवायला काही उरत नाही.

नोकरी सुटून ३० दिवस झाले की दावा करता येतो आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. २०२० पासून अर्ज मालकामार्फत पाठवायची गरज उरलेली नाही, हा मोठाच दिलासा. कारण ज्याने काढलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहणं कुणाला आवडेल?

खरी मेख हजेरीत आहे. विमा दोन वर्षांचा हवा. वर्गणीचे वर्षात दोन काळ धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगतच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात पुन्हा ७८ दिवसांची. कंत्राटी कामगाराचं घोडं इथेच अडतं. कंत्राटदार बदलला की काही वेळा नवा विमा क्रमांक काढला जातो आणि जुनी हजेरी जुन्याच क्रमांकावर पडून राहते. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक आपणहून सांगावा. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ही योजना नाही.

ब्रिटनमध्ये भत्ता घेणाऱ्याला, काम शोधायला काय काय केलं, याचा हिशेब द्यावा लागतो. ईएसआय तसं काही विचारत नाही. कर्नाटक सरकारची 'युवा निधी' मात्र थोडीफार विचारपूस करते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवमोग्ग्यात सुरू झालेल्या या योजनेत पदवीधराला महिना ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये मिळतात, दोन वर्षांपर्यंत. शिक्षण संपून १८० दिवस उलटलेले असावेत. शिवाय नोकरी लागलेली नाही, पुढे शिकतही नाही, हे ठरावीक मुदतीने स्वतः जाहीर करत राहावं लागतं. अर्ज सेवा सिंधूवर. रहिवास कर्नाटकातला हवा, त्यामुळे खानापूरच्या मराठी मुलाला ही योजना खुली आहे आणि शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मुलाला नाही. सीमाप्रश्न असाही भेटतो.

आयटीतल्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेच्या कितीतरी वर, म्हणून त्यांच्या वाट्याला अटल योजना येत नाही. उरतो पीएफ, आणि तो भत्ता नव्हे, आपलीच पुंजी. त्यांच्यासाठी एकच गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एचआरने "राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ" म्हटलं तर जागेवर सही करू नका. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरणाऱ्याला छाटणीत दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनामा दिला की ती छाटणीच राहत नाही.

कारखान्यातल्या मुलांनी पगारपत्रकावरचा विमा क्रमांक आजच कुठेतरी लिहून ठेवावा. अटल योजना अजून कायमची झालेली नाही. मुदत वाढवत वाढवत ती ३० जून २०२६ पर्यंत आणली आहे.