विधानसभेतला आवाज आणि ग्रामसभेची पायरी

आपल्या राज्यघटनेत कलम ४० आणि कलम ४१ शेजारीशेजारी आहेत. चाळिसावं म्हणतं, ग्रामपंचायती उभ्या करा आणि स्वराज्य म्हणून चालता येईल एवढे अधिकार त्यांना द्या. एक्केचाळिसावं म्हणतं, बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत माणसाला साहाय्य मिळावं. कागदावर शेजारी, पण व्यवहारात या दोघांची गाठ क्वचितच पडते. ती कुठे पडायला हवी, तेवढंच आज बघू.

उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं घेऊ. ओमप्रकाश उर्फ बच्चू कडू २००४ ते २०२४ अचलपूरचे आमदार होते. त्यांच्या आंदोलनाच्या तऱ्हेबद्दल मतभेद आहेत, आमचेही आहेत. पण दिव्यांगांचा प्रश्न त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर लावून धरला, हे मान्य केलंच पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. आमदारकी गेल्यावर, जून २०२५ मध्ये, ते गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या मानधनवाढीची मागणी त्यात होती. त्याच वर्षी संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची रक्कम महिना १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. हजार रुपये ही छोटी गोष्ट नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवूनही आम्ही हे सांगतो.

मग वेगळा विभाग झाला म्हणजे गावाचं काम संपलं का? नाही ना. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी २६वा समाजकल्याणाचा, आणि त्यात दिव्यांगांचं कल्याण नाव घेऊन लिहिलंय. मात्र कलम २४३-छ नीट वाचा: हे अधिकार विधिमंडळ पंचायतींना देऊ 'शकेल'. द्यावेच लागतील, असं नाही. म्हणजे किल्ली आमदारांकडेच. जो आमदार दिव्यांगांसाठी बोलतो पण अधिकार खाली सोडण्याबद्दल गप्प बसतो, तो अर्धंच बोलतो.

आता पैशाचं बघा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा शासनाचा नियम आहे. समजा, आपल्या मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या पंचायतीचं उत्पन्न ३ लाख आहे. झाले १५ हजार. गावात दिव्यांग तीस. सारखे वाटले तर प्रत्येकी पाचशे, आणि मार्च संपला. त्याऐवजी पंचायतीच्या दाराशी उतार बांधायचा, की दोघातिघांना काही साधन घेऊन द्यायचं? आमचं मत विचाराल तर उतार आधी. पण हे आम्ही ठरवायचं नाही, मुंबईनेही नाही. त्या तिसांनी गावासमोर बोलून ठरवायचं.

आणि इथेच पायरी आडवी येते. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. हे सदस्यत्व कुणी दिलेलं नाही, ते त्याचंच आहे. पण सभा चार पायऱ्या चढून वर भरली, ठराव फक्त तोंडी वाचला, तर चाकाच्या खुर्चीतला बाहेर राहतो आणि ऐकू न येणारा आत बसूनही बाहेरच. त्याला आपण 'लाभार्थी' म्हणतो. यादीत मात्र तो मतदार आहे.

तामिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली. नेमणूक ही निवडणूक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरी बुलढाण्याच्या तेराही तालुक्यांतल्या मतदारांनी आपापल्या आमदाराला विचारावं: असं विधेयक तुम्ही कधी मांडणार?