नवा टायर आणि त्याचे पहिले दीडशे किलोमीटर

मोटरसायकलचा टायर रस्त्याला जेवढ्या जागेवर टेकतो, ती जागा माणसाच्या तळहाताहून मोठी नसते. गाडीचे वजन, चालवणारा, मागे बसलेली व्यक्ती, ब्रेकचा जोर आणि वळणावरचा तोल, सगळे अशा दोन तळहातांवर पेललेले असते. चारचाकीचे एक चाक घसरले तर उरलेली तीन बहुतेक वेळा सावरून घेतात. दुचाकीला ती सवलत नाही.

टायर बदलायची वेळ झाली का, हे टायरच सांगतो. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. टायरच्या बाजूवरचा बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे सापडली, की त्याच रेषेत वर त्या दिसतात. दुचाकीच्या टायरवर त्यांची उंची साधारण ०.८ मिलिमीटर असते. भोवतालचे रबर झिजून पट्टीच्या पातळीला आले की टायर संपला. कोरड्या रस्त्यावर पुरता गोटा झालेला टायरही चालतो असे वाटते, कारण तिथे पकड रबराची असते. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे आहे, आणि ती उणीव पहिल्या पावसातच कळते. रस्त्यावर वर्षभर साचलेले तेल आणि धूळ तेव्हा नेमकी वर आलेली असते.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचा मजकूर वाचता आला पाहिजे. बजाज पल्सर १५० च्या अनेक मॉडेलांना मागे १००/९०-१७ ५५पी असा टायर येतो. यातला १०० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, इथे ९० मिलिमीटर. १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ५५ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ २१८ किलो. ‘पी’ ही वेगाची खूण ताशी १५० किलोमीटरची मर्यादा दाखवते. भार आणि वेग यांपैकी कशातही मूळ टायरपेक्षा कमी प्रतीचा टायर घेऊ नये. आयएसआय खूण आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही पाहून घ्यावा.

याच मजकुरात एका छोट्या लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २५२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या पंचविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होत जाते, पुढे बारीक भेगा पडतात. दुकानाच्या दाराबाहेर उन्हात टांगलेला तीन-चार वर्षांपूर्वीचा टायर नवा दिसला आणि स्वस्तात मिळाला, तरी टाळावा. तारीख पाहण्यात गैर काही नाही. चांगला दुकानदार ती स्वतःहून दाखवतो.

निवडीतली सगळ्यात मोठी चूक मापाची असते. गाडी भारदस्त दिसावी म्हणून मागे रुंद टायर टाकण्याची हौस गावोगावी दिसते. टायर बदलला तरी रिम तीच राहते. रुंद टायरच्या दोन्ही कडा अरुंद रिमवर आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोकदार होतो. त्यामुळे सरळ जाताना टायर दिसतो तेवढा रस्त्याला टेकत नाही, आणि वळणावर गाडी एकदम आडवी पडू पाहते. टायर साखळीच्या कव्हरला घासू शकतो. वजन वाढते, मायलेज घटते. टायरची उंचीही वेगळी असेल तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवू लागतो. कंपनीने दिलेले माप हे रिम, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्याशी जुळवलेले असते, तेच ठेवावे.

रबराचा मऊपणा मात्र आपल्या वापराप्रमाणे निवडता येतो. मऊ रबर रस्ता घट्ट धरते पण लवकर झिजते. कडक रबर जास्त किलोमीटर चालते आणि ओल्या रस्त्यावर थोडे कमी पडते. मोठे चौकोनी ठोकळे असलेली नक्षी कोकणातल्या लाल मातीच्या चढांवर कामाची आहे, पण डांबरावर ती आवाज करते आणि पकडही कमी देते. रोज ऑफिसला जाणाऱ्याने ती केवळ दिसते म्हणून घेऊ नये. मोठ्या गाड्यांना येणारे रेडियल टायर आणि साध्या बांधणीचे टायर यांची पुढे-मागे सरमिसळ कंपनीने सांगितल्याशिवाय करू नये.

टायर बसवताना ट्यूबवाल्या टायरला ट्यूब नवी घालावी आणि ट्यूबलेस टायरसोबत रिमचा व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. कडांना साबणाचे पाणी लावावे. ऑइल किंवा ग्रीस नको. हवा भरली की कडा रिमवर टक्कन बसल्याचा आवाज येतो. नंतर रिमलगत टायरवर असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे चाक फिरवून पाहावे. एका जागी रेघ आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही.

इथून खरी काळजी सुरू होते. टायर तापलेल्या साच्यात प्रचंड दाबाखाली घडतो आणि त्याचा पृष्ठभाग त्या साच्यासारखाच गुळगुळीत, चकचकीत निघतो. साच्याच्या बारीक छिद्रांत शिरलेल्या रबराचे केस तेवढे त्यावर उभे असतात. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा आणि रबरातल्या मेणाचा अंशही वर असू शकतो. ही चकाकी रस्त्याला घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. शिवाय चालवणाऱ्याची सवय मधोमध सपाट झालेल्या जुन्या टायरची असते. गोल कमानीचा नवा टायर वळणात गाडी चटकन झुकवतो आणि माणूस दचकतो.

म्हणून पहिले सुमारे दीडशे किलोमीटर सबुरीने चालवावे. एकदम रेस करू नये, करकचून ब्रेक लावायची वेळ येणार नाही इतके अंतर पुढच्या वाहनापासून ठेवावे, आणि वळणावर गाडी रोज थोडीथोडी जास्त झुकवावी. पाऊस असेल तर आणखी सांभाळावे. पॉलिश पेपरने घासणे किंवा पेट्रोलने पुसणे या युक्त्यांनी रबराचे नुकसानच होते. गाडी धुवून घेताना टायरवर चकाकीचे पॉलिश मारू देऊ नये. नक्षीवर गेलेले ते पॉलिश ऑइल सांडल्यासारखेच आहे. टायर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, हवा पुन्हा मोजावी आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

दीडशे किलोमीटरनंतर खाली वाकून टायर न्याहाळावा. मधला भाग मळकट, खरखरीत झालेला असतो आणि त्यावरचे केस गेलेले असतात. कडेला ते अजून उभे असतात, कारण तेवढी कड रस्त्याला लागलेलीच नसते. शहरात सरळ रस्त्यावर हजार किलोमीटर झाले तरी ती कोरीच राहते. अशी गाडी घेऊन पहिल्यांदा आंबोली किंवा वरंधा घाटात उतरणाऱ्याने आपला टायर कडांना अजून नवाच आहे, असे धरून चालावे.