जुनी गाडी भंगारात गेली, तर मालाडच्या गॅरेजचं काय?

मागच्या मालाडच्या बॅचमध्ये एका गॅरेजवाल्या काकांनी हात वर केला. कुरारच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज आहे, हाताखाली दोन पोरं. म्हणाले, "सर, जुनी गाडी मोडीत काढा म्हणून सरकार सवलत देतंय. म्हणे रोजगार वाढणार. अहो, माझ्याकडे येतातच जुन्या गाड्या. माझी ही दोन पोरं त्या हिशोबात धरलीत की नाही?"

तेव्हा वेळ संपत आली होती, मी काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. ते मनात राहिलं, म्हणून आज सविस्तर.

आधी योजना काय आहे ते बघू. २०२१ च्या बजेटमध्ये घोषणा झाली, १३ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी तिची सुरुवात केली. १०,००० कोटींची गुंतवणूक आणि ३५,००० रोजगार येतील, असा सरकारचा अंदाज होता. सरकार तुमच्या हातात रोख रक्कम ठेवत नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ, आणि रोड टॅक्समध्ये खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, धंद्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट. "पर्यंत" हा शब्द नीट वाचा, कारण नेमकी सूट राज्य ठरवतं. आरटीओत विचारूनच हिशोब करा. दुसरीकडे काठी पण आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांच्या पुढच्या कारचं नोंदणी नूतनीकरण ६०० रुपयांवरून थेट ५,००० वर गेलं.

आता अमेरिकेची गोष्ट ऐका. २००९ च्या मंदीत तिथल्या सरकारने जुनी गाडी द्या आणि नवीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सूट घ्या, अशी योजना काढली. ३०० कोटी डॉलर काही आठवड्यांत संपले, पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या बदलल्या. शोरूमवाले खूश. पण पुढच्या महिन्यांत विक्री खाली आली, कारण जे तसंही वर्षभरात गाडी घेणार होते त्यांनीच घाई केली होती. ब्रुकिंग्ज संस्थेने २०१३ मध्ये हिशोब मांडला, तर एका नोकरीमागे सुमारे १४ लाख डॉलर खर्च निघाला! आणि आपल्या काकांना झोंबेल अशी अट वेगळीच होती. जुन्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते कायमचं जाम करायचं, म्हणजे कुणी परत वापरू नये. चालू इंजिन हा गॅरेजवाल्याचा कच्चा माल. तो सरकारच्या पैशाने मारला गेला. वर, त्या योजनेत सगळ्यात जास्त खपलेल्या गाड्यांमध्ये जपानी ब्रँडच पुढे होते.

आपल्याकडे हे शेवटचं दुखणं कमी आहे. इथे विकली जाणारी बहुतेक गाडी इथेच बनते, मग ब्रँड कुठलाही असो. म्हणजे सवलतीचा पैसा देशातल्या कारखान्यात फिरतो. पण देशात म्हणजे चाकणला, नाशिकला. मालाडला नाही. काकांचा प्रश्न तिथेच आहे.

इथे मला आपली पद्मिनी आठवते. प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना, त्यातून निघालेली काळी-पिवळी. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा लागू असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. मधली वीस वर्षं त्या गाड्या कुणी चालवत ठेवल्या? कारखाना बंद झाला होता. गल्लीतल्या मेकॅनिकने, वायरमनने, सीट शिवणाऱ्याने आणि कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांनी. हा रोजगार कुठल्या गुंतवणूक परिषदेत मोजला जात नाही, पण घरं त्यावर चालतात. (तिथे सवलत नव्हती, सरळ वयाची मर्यादा होती, हे मान्य. कामावर होणारा परिणाम मात्र त्याच जातीचा.)

मग काकांनी घाबरायचं का? थोडं थांबा, गिऱ्हाईकाच्या बाजूने गणित करू. स्क्रॅप केंद्राने जुन्या गाडीचे नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के द्यावेत, असं धोरणात धरलंय. सहा लाखांची नवी गाडी धरा, तर २४ ते ३६ हजार. कंपन्यांना आणखी ५ टक्के सूट द्यायचा सल्ला आहे. म्हणजे ३० हजार, मिळाली तर. आता तुमची पंधरा वर्षांची गाडी नीट चालत असेल आणि तिला लाखभर देणारा कुणी भेटला, तर तुम्ही स्क्रॅप केंद्रात जाल? नाही जाणार. ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, तिथला मेकॅनिक तिच्यावर पोट भरेल. भंगारात जाईल ती जिच्यात जीवच उरला नाही, आणि तिच्यावर काकांची कमाई तशीही थोडीच.

माझं मत सांगतो. खरा फटका जुनी गाडी जाण्याने बसत नाही, तिच्या जागी येणाऱ्या नव्या गाडीने बसतो. नवी गाडी वॉरंटीत असते, सर्व्हिसला कंपनीच्या सेंटरला जाते. तीन-चार वर्षं ते गिऱ्हाईक काकांच्या दारात येत नाही, आणि एकदा एसी वेटिंग रूमची सवय लागली की परत येईलच याची खात्री नाही. योजना रोजगार मारते असं मी म्हणणार नाही. ती तो गल्लीतून उचलून सर्व्हिस सेंटरमध्ये आणि स्क्रॅप यार्डात नेते. यार्डातलं काम गल्लीतल्या भंगारकामापेक्षा जास्त सुरक्षित असू शकतं. तेल, बॅटरी, एसीचा गॅस आधी नीट काढावाच लागतो. पण काकांची पोरं तिथे पोचणार कशी, यावर योजनेत मला तरी काही दिसलं नाही. ही तिची कमजोर बाजू.

काकांना मी एवढंच काम दिलं: गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येकावर गाडीचं वय लिहा. त्यांनी खरंच केलं. निम्म्याहून जास्त धंदा दहा वर्षांपुढच्या गाड्यांचा निघाला, आणि त्यातला मोठा भाग तीन टुरिस्ट गाडीवाल्यांचा. म्हणजे भीती सगळ्या मालाडची नव्हती, तीन गिऱ्हाइकांची होती. त्या तिघांशी आता ते स्वतः बोलतायत: गाडी कधी बदलणार, नवीचं वॉरंटीबाहेरचं काम, म्हणजे टायर, डेंटिंग-पेंटिंग, माझ्याकडे द्याल का.

आणखी एक काम त्यांनी सुरू केलंय, ते तुम्हीही करा. गिऱ्हाईक जुनी गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला द्यायला निघालं तर अडवा. तिथे चार पैसे जास्त मिळतील, पण जमा प्रमाणपत्र मिळत नाही आणि आरसी मालकाच्या नावावर तशीच जिवंत राहते. उद्या तो नंबर भलत्या गाडीवर लागला तर पोलीस मूळ मालकाचं दार वाजवतात. नोंदणीकृत केंद्राचा पत्ता शोधणं, लोनचा बोजा उतरलाय का, चलनं भरलीत का ते बघणं, हे कागदाचं काम काका करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. आधी संकोच होता. म्हणाले, "सर, कागदाचे कसले पैसे मागायचे?" मी म्हटलं, काका, आरटीओबाहेरचा एजंट मागतोच ना!