प्रज्वलनाची वेळ (मोटारीचे इंजिन)

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, या योजनेस प्रज्वलनाची वेळ किंवा गॅरेजमधील रूढ शब्दांत ‘टायमिंग’ असे म्हणतात. दट्ट्या वर सरकत सर्वोच्च बिंदूस पोहोचण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या जितके अंश आधी ठिणगी पडते, तितकी ठिणगीची अग्रता मानली जाते. प्रीमियर पद्मिनी किंवा पेट्रोलवरील अ‍ॅम्बॅसॅडर यांसारख्या जुन्या मोटारींत ही अग्रता डिस्ट्रिब्युटर हे यांत्रिक उपकरण ठरवते. आजच्या मोटारींत ते काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेले आहे.

अग्रतेची गरज

ठिणगी पडताच सिलिंडरमधील सर्व मिश्रण एकाच क्षणी पेटते, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. प्रत्यक्षात ज्योत प्लगपासून सुरू होऊन पसरत जाते आणि दाब पूर्ण वाढण्यास सेकंदाचा दोन-तीन हजारांश इतका वेळ लागतो. हा दाब दट्ट्या सर्वोच्च बिंदू ओलांडून किंचित खाली सरकल्यावर, साधारण १५ अंशांच्या आसपास, कमाल झाला तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. म्हणून ठिणगी आधीच पडावी लागते.

किती आधी, हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट सेकंदाच्या हजाराव्या भागात ६ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तेवढ्याच अवधीत १८ अंश. ज्वलनाचा वेळ तोच राहिला असता तर अग्रताही तिप्पट करावी लागली असती. परंतु वेगाबरोबर मिश्रणातील खळबळ वाढते व ज्योतही अधिक झपाट्याने पसरते, त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ त्याहून कमी असते. इंजिनावरील भाराचाही परिणाम होतो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी चालवताना सिलिंडरमध्ये विरळ मिश्रण जाते, ते सावकाश जळते आणि त्यास अधिक अग्रता लागते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता दाट भरलेले मिश्रण लवकर जळते. तेथे अग्रता कमी हवी. सारांश, प्रज्वलनाची योग्य वेळ हा एक आकडा नसून वेग व भार यांनुसार बदलणारा आलेख असतो. डिस्ट्रिब्युटर फिरवून लावली जाते ती केवळ या आलेखाची सुरुवात.

यांत्रिक अग्रतेपूर्वी

आरंभीच्या मोटारींत ही जबाबदारी चालकाची असे. फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) मध्ये स्टिअरिंग चक्राखाली डाव्या बाजूस ठिणगीची दांडी व उजव्या बाजूस इंधनाची दांडी होती. हँडल मारून इंजिन सुरू करताना ठिणगीची दांडी मागे घेण्यास चालक विसरला, तर ठिणगी फार लवकर पडे, इंजिन उलट झटका देई आणि हात मोडे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांनी बॅटरी, कॉइल व संपर्कबिंदू यांवर आधारित प्रज्वलनपद्धती विकसित केली. तिचाच सुधारित अवतार पुढे अनेक दशके जगभरच्या मोटारींत राहिला.

डिस्ट्रिब्युटरचे कार्य

चार फटक्यांच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २ अंश. काही माहितीपुस्तिकांत आकडे एका मापाने, तर काहींत दुसऱ्या मापाने दिलेले असतात. वाचताना हा भेद लक्षात घेतला नाही तर दुपटीची चूक होते.

दांड्यावरील कॅम संपर्कबिंदू, म्हणजेच गॅरेजमधील ‘पॉइंट’, उघडतो. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह खंडित होतो आणि दुय्यम वेटोळ्यात उच्च दाबाची वीज निर्माण होऊन ठिणगी पडते. पॉइंट उघडण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण. हा क्षण मागेपुढे करणाऱ्या दोन यंत्रणा आहेत.

पहिली केंद्रोत्सारी यंत्रणा. दोन लहान वजने स्प्रिंगांनी आत ओढून धरलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेनेच थोडे पुढे ढकलतात, त्यामुळे पॉइंट लवकर उघडतो. पुष्कळदा दोन स्प्रिंगा सारख्या ताकदीच्या नसतात: नरम स्प्रिंग कमी वेगात काम करते, कडक स्प्रिंग नंतर आड येते. दुसरी यंत्रणा निर्वातावर चालते. कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी एका पडद्याच्या डबीला जोडलेली असते. हलक्या भारावर निर्वात वाढतो, पडदा ओढला जातो आणि पॉइंटची तबकडी कॅमच्या उलट दिशेने सरकते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच निर्वात नाहीसा होतो व ही जादा अग्रता आपोआप निघून जाते. सर्वच डिस्ट्रिब्युटरांत ही डबी नसते.

वेळ लावण्याची पद्धत

प्रथम पॉइंटमधील फट लावावी. ती बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. हा क्रम उलटा करता येत नाही. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे अग्रता वाढते. आधी टायमिंग व मग फट लावल्यास पहिले श्रम वाया जातात.

इंजिन बंद असताना वेळ लावण्यासाठी साधा चाचणीदिवा पुरतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली की संपीडनाचा फटका चालू आहे असे समजावे. हे न पाहिल्यास निष्कासाच्या फटक्याला वेळ लावली जाण्याचा संभव असतो. मग इंजिन त्याच्या नेहमीच्याच दिशेने फिरवत पुलीवरील खूण सांगितलेल्या अंशावर आणावी. पुढे जाऊन मागे आणल्यास साखळीतील वा दातेरी चाकांतील ढिलेपणा मोजमापात शिरतो. दिवा कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकास व गाडीच्या सांगाड्यास जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने दिवा विझेपर्यंत आणि नंतर उलट दिशेने तो पेटेपर्यंत हळू फिरवावा. दिवा पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. तेथे बोल्ट आवळावा.

चालू इंजिनावर हेच काम स्ट्रोब दिव्याने अधिक अचूक होते. इंजिन गरम करून, निर्वातनळी काढून तिचे तोंड बंद करून, संथ वेगात खूण पाहावी. या दिव्याच्या उजेडात फिरती खूण स्थिर दिसते, तसा पंखाही स्थिर वा मंद फिरताना दिसू शकतो. बोटे गमावण्याचा धोका येथेच आहे.

बहुतेक ठिकाणी काम एवढ्यावर संपवले जाते आणि खरी उणीव तीच आहे. संथ वेगातील खूण बरोबर आली, तरी वजने गंजून अडकलेली असतील तर वेग वाढल्यावर अग्रता वाढतच नाही. स्प्रिंग ढिली असेल तर ती वेळेआधीच पूर्ण वाढते. म्हणून वेग हळूहळू ३,००० फेऱ्यांपर्यंत नेऊन खूण सलग सरकते का व वेग उतरताच मूळ जागी परतते का, हे पाहणे आवश्यक आहे. खूण थरथरत असेल किंवा दुहेरी दिसत असेल, तर दांड्याचे बूश झिजलेले असण्याची शक्यता असते. निर्वातनळी तोंडाने ओढली असता तबकडी हलली नाही किंवा ओढ टिकली नाही, तर पडदा फाटला आहे असे समजावे. हे दोष डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून झाकता येतात, दूर होत नाहीत. रोटरखालील नमद्यावर तेलाचे एक-दोन थेंब सोडण्याची जुनी पद्धत अनेक दोष टाळते.

लवकर व उशिरा

अग्रता प्रमाणाबाहेर गेल्यास न जळालेले शेवटचे मिश्रण दाबाने व उष्णतेने स्वतःहून पेट घेते. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. त्यास नॉकिंग म्हणतात. बोरघाटासारख्या चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की तो ऐकू येतो. ‘आवाज येईपर्यंत पुढे घ्या, मग जरा मागे आणा’ हा मेकॅनिकांचा नियम यावरूनच आला. तो आडरानात उपयोगी आहे, पण पुरेसा नाही, कारण भरधाव वेगात इतर गोंगाटात नॉकिंग दबून जाते आणि दट्ट्याचा माथा जळाल्यावरच कळते. उलट, उशिरा पडणारी ठिणगी कसलाही आवाज करत नाही. इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते, ओढ कमी होते व निष्कासाच्या झडपा जळतात.

इंधन बदलले की योग्य वेळही बदलते. मुंबईतील अनेक काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पुढे सीएनजीवर धावू लागल्या. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि नॉकिंगला अधिक दाद देत नाही; त्यास जादा अग्रता मानवते. तीच गाडी अधूनमधून पेट्रोलवरही चालवायची असेल तर ती अग्रता धोक्याची ठरते. यांत्रिक डिस्ट्रिब्युटर दोन आलेख सांभाळू शकत नसल्याने अशा गाडीची वेळ पेट्रोलला सोसेल अशीच ठेवावी लागते आणि सीएनजीवरील ओढीत थोडी घट स्वीकारावी लागते.