तैमात आणि तियामत : एका कथेचें बीज

पुण्यांत बसून लघुकथा लिहिणाऱ्यानें बाबिलोनच्या एखाद्या राक्षसिणीकडे कां वळावें, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचें उत्तर पुण्यांतच आहे. १९१७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथांत लोकमान्य टिळकांनीं खाल्डियन आणि भारतीय वेदांवर निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांतील तेराव्या सूक्तांत सर्पविष उतरविण्याचे मंत्र आहेत. त्यांत 'तैमात' असा एक दुर्बोध शब्द येतो. त्याचें मूळ बाबिलोनच्या 'तियामत'मध्यें आहे, असें लोकमान्यांनीं सुचविलें. हें समीकरण सर्व पंडितांना मान्य झालेलें नाहीं. परंतु कथालेखकाला त्यामुळें एक दार उघडें झालें.

ही तियामत कोण? 'एनूमा एलिश' या सात मृत्तिकाफलकांवरील काव्यांत ती खाऱ्या पाण्याची आदिमाता आहे. गोड्या पाण्याचा अधिपति अप्सू हा तिचा पति. दोघांचीं पाणीं मिसळून देव जन्मले. त्यांच्या दंग्यानें झोप उडाली, तेव्हां अप्सू संततीचा नाश करावयास निघाला; तियामतनें मात्र त्यास विरोध केला. पुढें ईया या देवानें अप्सूलाच ठार केलें. 'पतीचा वध झाला तेव्हां तूं गप्प बसलीस,' असें म्हणून कांहीं देवांनीं तिला डिवचलें. मग तिनें अकरा भयंकर प्राणी निर्माण करून युद्ध पुकारलें. मार्दुकानें वाऱ्यांच्या साह्यानें तिला मारून तिच्या देहाचे दोन भाग केले. एका भागाचें आकाश झालें आणि तिच्या डोळ्यांतून युफ्रातीस व तैग्रिस या नद्या वाहूं लागल्या.

नवशिका लेखक येथें शेंपूट, नखें आणि विष यांच्या वर्णनांत रमतो. तें भय चार ओळींत संपतें. कथेचें बीज त्या अकरा प्राण्यांत नाहीं. तें त्यांच्या आधींच्या क्षणांत आहे. संततीचा पक्ष घेणारी आईच तिच्यावर कां उठली?

उदाहरण घेऊं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें. त्या दिवशीं नदीकांठच्या एका वाड्यांत एक वृद्धा आहे, अशी कल्पना करा. तिनें एके काळीं नवऱ्याचा राग अंगावर घेऊन मुलांना वांचविलें. आज त्याच मुलांनीं तिची खोलीही वांटणींत धरली आहे. पाणी जिना चढूं लागतें. मुलगे खालून हांका मारतात. माडीच्या दाराची कडी तिच्या हातीं आहे. ती काढील काय? या कथेंत तियामतचें नांवही नको. वाचकानें तिला ओळखलें तर उत्तमच. न ओळखलें तरी कथा स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळावें. 'तैमात म्हणजेच तियामत' हें एखाद्या पात्राच्या तोंडीं शोभेल. लेखकानें तें सिद्ध इतिहास म्हणून सांगूं नये.

तैमात ज्या मंत्रांत येतो, त्याच मंत्रांत धनुष्याची दोरी उतरवावी तसा क्रोध उतरविण्याची कल्पना आहे. आपल्या कथेंतील मातेची दोरी उतरते कीं अधिकच ताणली जाते, एवढें मनाशीं निश्चित करा आणि मगच लेखणी उचला.